‘मरायचंय’ या पानाचा नवा पत्ता

१९ जानेवारी. दिवसभर बर्फ.

छपरावरचं बर्फ ओढून काढताना पाठ धरली. खाली आलो तर मंदिराची वेबसाइट चालवणाऱ्या होमपेज कंपनीचं पत्र पडलेलं. मार्चअखेर सेवा बंद. सतरा वर्षं फुकट वापरली, त्यामुळे ओरडायलाही तोंड नाही.

मंदिराची साइट गेली तर गेली. वार्षिक पूजेच्या तारखा आणि बस कुठे थांबते हे सांगायला गावात माणसं आहेत. काळजी आहे ती त्या एका पानाची.

एका हिवाळ्यात या किनाऱ्यावरच्या तीन तरुण मुलांचे अंत्यविधी मी केले. तिघांच्याही घरच्यांनी एकच गोष्ट सांगितली. मुलाच्या फोनमध्ये शोधायच्या जागी एकच शब्द लिहिलेला होता, ‘मरायचंय’. मग मी त्याच नावाचं पान बनवलं. चित्र नाही, सूत्र नाही. ‘हा शब्द लिहून इथे आला असाल तर मी एन्शो, एका मंदिरातला भिक्षू. उपदेश करणार नाही. फोन करा.’ खाली नंबर. तेव्हापासून स्वयंपाकघराशेजारचा फोन वाजत आला आहे, आणि कानाए माझ्या सूपवर झाकण ठेवत आली आहे. बायकोला याहून मोठी तपश्चर्या नसावी.

लोकांनी त्या पानाची लिंक कुठे कुठे लावून ठेवली आहे, मलाही ठाऊक नाही. कानाझावाचा एक डॉक्टर, एक नगर वाचनालय, एका मुलींच्या शाळेतली नर्स. बाकी सगळी बिननावाची माणसं. एकाने रडगाणं लिहिलं की दुसरा खाली नुसती आमची लिंक चिकटवतो. तो पत्ता मेला तर या सगळ्यांनी दाखवलेली वाट भिंतीवर जाऊन आदळणार.

४ फेब्रुवारी. बर्फ, मग ऊन.

नवी साइट मी स्वतः बनवतोय. माउसने चौकोन उचलून ठेवायचे, हवे तिथे सोडायचे, झालं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी हे जमतंय म्हणून छाती फुगली होती. कानाए म्हणाली, “छाती फुगवा, पण आधी आंघोळीचं पाणी बघा, निवलंय.”

जुन्या कंपनीने एक सोय दिली आहे. घर बदललं की पोस्टात कळवतो आणि वर्षभर पत्रं नव्या घरी येतात, तसंच. प्रत्येक जुन्या पानापुढे त्याचं नवं पान लिहून द्यायचं. ३१ मार्चनंतर त्यात बदल नाही, पण लिहिलेलं पुढे वर्षभर चालू राहील. सूचनापत्रात ठळक अक्षरांत छापलंय: त्याच मजकुराच्या पानाकडेच पाठवा, शीर्षक शक्यतो बदलू नका, नाहीतर शोधणाऱ्यांना तुमचं पान सापडेनासं होईल.

मी तसंच केलं. ‘मरायचंय’पुढे ‘मरायचंय’. शब्दाला शब्द.

१६ फेब्रुवारी.

वाट चालू आहे! ओकायामाहून एका गृहस्थांचा फोन आला. एका जुन्या लेखाखालच्या लिंकवरून थेट नव्या पानावर पोहोचले. आधी बराच वेळ नुसता श्वास. मी म्हणालो, “काल रात्री काय खाल्लंत?” ते म्हणाले, “तुम्हाला काय करायचंय?” मी म्हटलं, “माझं सूप थंड होतंय म्हणून विचारतो.” हसले नाहीत, पण फोनही ठेवला नाही.

आज सकाळी पुन्हा आला. फक्त एवढं सांगायला की दोन अंडी उकडून खाल्ली.

१ मार्च. पाऊस आणि बर्फ एकत्र.

मंदिराचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या घराण्यांची बैठक झाली. मे महिन्यात मंदिराला साडेतीनशे वर्षं होतात. त्याच दिवशी नवं अस्थिगृह उघडायचं. आत अस्थी ठेवायचे छोटे कप्पे आहेत. ज्यांच्यामागे कबर बघणारं कुणी नाही त्यांच्यासाठी, म्हणजे हल्ली जवळजवळ सगळ्यांसाठी. ते कप्पे विकले गेले तर छप्पर दुरुस्त होईल, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात बुद्धाच्या डोक्यावर ताडपत्री. नवी साइट सगळ्यांना आवडली. मग घराण्यांचे प्रमुख इगाराशी-सान यांनी फोन काढला. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, कारखान्याचे मालक, मनाने वाईट नाहीत.

“गुरुजी, मी काल आपल्या मंदिराचं नाव टाकून शोधलं. बघा काय येतं.”

नावाखाली दुसऱ्याच ओळीत आलं होतं: ‘मरायचंय’.

म्हाताऱ्या होन्मा बाईंनी चहाचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“काम फार मोठं आहे तुमचं, त्याबद्दल शंकाच नाही,” इगाराशी म्हणाले. “फक्त शब्द... सणाच्या वर्षी... लोक आईवडिलांसाठी जागा बघायला येणार आणि दारातच हे.”

“मग फोन करणाऱ्यांनी काय शोधावं?” मी विचारलं. “मरणारा माणूस ‘मरायचंय’च लिहितो.”

“बरोबर आहे. बरोबरच आहे. आपण विचार करू.”

आमच्याकडे ‘विचार करू’ म्हणजे विचार झालेला असतो. सगळे चटईकडे बघत होते. अस्थिगृहात चौथ्या नंबरचा कप्पासुद्धा न ठेवणारी ही माणसं. त्या आकड्याच्या उच्चारात मरण ऐकू येतं म्हणून तीननंतर पाच. मी तरी किती ताणणार? शेवटी मीच म्हणालो, “शीर्षक बदलतो.” एकदम सगळ्यांचे खांदे खाली आले आणि होन्मा बाई चहा प्यायल्या.

३ मार्च.

पानाचं नाव आता ‘मनमोकळा संवाद’. मजकुरातलाही तो शब्द काढला. पान ‘सेवा’ या सदरात गेलं, मेलेल्या पाळीव प्राण्यांसाठीच्या पूजेच्या खाली. इगाराशींचं म्हणणं पडलं की जुन्या पानावरून येणारे लोक सरळ मुखपृष्ठावरच येऊ देत. “दारातून आत या, मग हवं त्या खोलीत जा.” ऐकायला पटलं. जुन्या सगळ्या पानांपुढे मी एकच पत्ता लिहिला, मुखपृष्ठाचा. काम सोपंही झालं.

मुखपृष्ठ देखणं झालंय. समुद्राचा फोटो, फुललेली चेरी, आणि इगाराशींच्या पुतण्याने सुचवलेली ओळ: ‘चिरविश्रांतीसाठी शांत, समुद्राकाठची जागा. आजच राखून ठेवा.’

कानाए ते वाचून म्हणाली, “हॉटेल वाटतंय.” मी म्हटलं, तुला काहीच आवडत नाही.

२२ मार्च. विषुव-सप्ताहाची पूजा. ढगाळ.

साइटवर आकडे दिसतात, किती माणसं आली वगैरे. इगाराशींना दाखवले तर माणूस खूश. मुखपृष्ठावर येणारे कितीतरी पटीने वाढलेत, आणि तेही देशभरातून. एका छोट्या किनाऱ्यावरच्या मंदिराला एवढी माणसं! मात्र बहुतेक जण पाच-सहा सेकंदांत निघून जातात. हल्ली कुणाला धीर नाही. की पान इतकं स्पष्ट आहे की एका नजरेत सगळं कळतं? इगाराशी दुसरं म्हणाले, मीही तेच धरलं.

फोन या आठवड्यात फार कमी वाजला.

३ एप्रिल. ऊन.

जुनी सेवा ३१ तारखेला बंद झाली. कुणी रडलं नाही.

नगर वाचनालयातल्या बाईंचं पत्र आलं. ‘आमच्या यादीतल्या लिंकवरून आता अस्थिगृहाची जाहिरात उघडते. काही चूक तर नाही ना?’ मी नम्रपणे कळवलं की चूक नाही, सगळं नव्या जागी आलंय, ‘सेवा’ या सदरात पाहावं. त्यांचं उत्तर आलं नाही, म्हणजे सापडलं असणार.

जेवताना कानाएने माझ्यासमोर सूप ठेवलं आणि झाकण हातातच धरून बसली.

“अहो, फोन का वाजत नाही?”

“वसंत आलाय. लोक सावरतात.”

“वसंतातच तर जास्त वाजायचा. नवी शाळा, नवी नोकरी.”

“मग या वर्षी सावरले. चांगलं झालं तरी तुला खुपतं?”

तिने उठून रिसीव्हर कानाला लावला, लाइन चालू आहे का ते बघायला. चालू होती. मी सूप गरम प्यालो. किती वर्षांनी, कोण जाणे. खरं सांगायचं तर बरं वाटलं. माणूस दमतो. दुसऱ्याच्या श्वासाकडे कान लावून लावून माझे स्वतःचे दिवस गेले, असं हल्ली अधूनमधून वाटत होतं, आणि ते इथे लिहायला हरकत नसावी.

१९ एप्रिल. चेरी पूर्ण फुललेली. वारा.

अस्थिगृहाचं पहिलं बुकिंग झालं! तेही साइट बघून आलेल्या मुलीचं. सेंदाईहून डोंगर ओलांडून बसने आली. मिझोबे रिओ, वय तेवीस. इस्त्री केलेला कोट, बूट काढून टोकं दाराकडे करून नीट जोडून ठेवले. अशी वळणाची मुलं आता दिसत नाहीत.

“आजीसाठी बघताय का?” मी विचारलं.

“नाही, माझ्यासाठी. आधी ठरवलेलं बरं असतं ना?”

“उत्तम. हल्ली तरुणही असा विचार करतात, टीव्हीवर दाखवत होते.”

कप्पे दाखवले. खिडकीजवळचा तिला आवडला. तिने विचारलं, “मागे येणारं कुणी नसलं तरी चालतं?” मी म्हटलं, मंदिर कायमची पूजा करतं, त्याची चिंता नको. “आणि लगेच मिळेल?” म्हटलं, आजच. ती हसली. सारखी हसतच होती, मान लववून, माफी मागितल्यासारखी.

निघताना बूट घालता घालता म्हणाली, “आधी तुमचं वेगळं एक पान होतं ना? मैत्रिणीने लिंक दिली होती. तिथे कुणीतरी फोनवर बोलतं, म्हणाली होती. मी उघडलं तर ही जागा आली. मग वाटलं, हीच बरी.”

मला आनंद झाला. अजून लोकांच्या लक्षात आहे! म्हटलं, “हो, हो, जुनी साइट बंद झाली. नव्या साइटवर सगळं आहे. ‘सेवा’ या सदरात.” आणि तिच्या हातात रंगीत माहितीपत्रक दिलं. तेवढ्यात इगाराशी मंडपवाल्याला घेऊन आले. खांब कुठे रोवायचे यावरून दोघांची जुंपली आणि मला जावं लागलं. वळून पाहिलं तेव्हा ती चेरीखाली उभी राहून लांबूनच वाकत होती.

संध्याकाळी

कानाए होन्मा बाईंकडून परत आली. तिला सगळं हौसेने सांगितलं. तिच्या हातातला मुळ्याच्या लोणच्याचा डबा तसाच राहिला.

“तेवीस वर्षांची पोरगी. एकटी. स्वतःसाठी. लगेच मिळेल का म्हणाली.”

“हो.”

“फोनवर कुणी बोलतं का म्हणाली.”

“बोलायचं, असं म्हणाली.”

“आणि तुम्ही पावती फाडलीत?”

मी म्हणालो, ती हसत होती. कानाए माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिली ती नजर मी आमच्या संसारात पाहिली नव्हती. मग ती चपला न बदलता तशीच बसथांब्याकडे धावली. बस केव्हाच गेली होती.

पावतीवरचा नंबर मी फिरवला. वाजतो, कुणी उचलत नाही.

२० एप्रिल. पाकळ्या गळताहेत.

नंबर लागत नाही. पत्ता होता तो तिथल्या पोलीस चौकीला कळवला. बघून येतो म्हणाले. आवाज तरुण होता, मन लावून ऐकत होता. संध्याकाळी त्यांचा फोन आला, घराला कुलूप आहे, शेजाऱ्यांना माहीत नाही.

कानाए म्हणाली, “ती जशी आली तसे या. तिचा शब्द लिहा आणि बघा कुठे पोहोचता.”

मी लिहिलं, ‘मरायचंय’. पूर्वी पहिल्या रांगेत आमचं पान असायचं. आता पहिल्या रांगेत नाही, दुसऱ्यात नाही. बोट दुखेपर्यंत खाली गेलो, कुठेच नाही. ज्या पानात तो शब्दच नाही ते या शब्दाला कुणी का दाखवावं? मग कानाझावाच्या डॉक्टरचा लेख उघडला. खाली त्याने लिहिलंय, ‘आता, या क्षणी, इथे बोला’, आणि आमची जुनी लिंक. ती दाबली.

समुद्र आला. चेरी आली. ‘चिरविश्रांतीसाठी शांत, समुद्राकाठची जागा. आजच राखून ठेवा.’

मार्चभर देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथे आली होती. डॉक्टरांनी पाठवलेली, शाळेतल्या नर्सने पाठवलेली, अनोळखी लोकांनी हाताला धरून आणून सोडलेली. पाच-सहा सेकंद थांबली. त्यांचे आकडे मी इगाराशींना कौतुकाने दाखवले, आणि इथेही लिहून ठेवले.

कानाए माझ्या मागे उभी होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

२१ एप्रिल.

जुन्या कंपनीला लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं, यंत्राने लिहिलेलं. मुदत संपली आहे, बदल करता येणार नाही, आजवरच्या सहवासाबद्दल आभार. म्हणजे पुढच्या मार्चपर्यंत ती सगळी माणसं मुखपृष्ठावरच येत राहणार. आलीच आहेत तर मुखपृष्ठच बदलायचं. समुद्र काढला, चेरी काढली. जुना मजकूर होता तसा लावला. सर्वांत वर तो शब्द, मोठ्या अक्षरांत.

इगाराशी तासाभरात सायकल हाणत आले.

“गुरुजी, उत्सवाला दोनच आठवडे राहिलेत! तेवढे तरी थांबा. नंतर काय हवं ते लावा.”

“थांबणार नाही.”

“छपराचं काय करणार?”

“ताडपत्री.”

“अहो, पण मी काय वाईट व्हावं म्हणून सांगितलं होतं का?” माणूस रडकुंडीला आला होता. “चांगलं दिसावं एवढंच होतं ना?”

त्यांना काय सांगू? शीर्षक बदलतो असं मी माझ्या तोंडाने म्हणालो. त्यांनी फक्त चटईकडे पाहिलं होतं. मी त्यांना चहा दिला आणि तो त्यांनी घेतला, एवढं मात्र झालं.

२६ एप्रिल.

फोन वाजला. दोघेही धावलो. डॉक्टरच्या लिंकवरून आलेली नागोयाची एक बाई. बराच वेळ बोललो. उद्या पुन्हा करते म्हणाली. शब्द शोधून येणारे मात्र अजून येत नाहीत. शोधलं तर आमचं पान कुठेच नाही. ती जागा इतक्या वर्षांनी आपोआप मिळाली होती, ती पुन्हा मिळायला किती वर्षं लागतील याचं उत्तर कुणाकडे नाही. वाचनालयातल्या बाईंना माफीचं पत्र लिहिलं, शाळेतल्या नर्सला लिहिलं. बिननावाच्या माणसांना कुठे लिहू?

सेंदाईहून काही कळलं नाही.

९ मे. ऊन. समुद्र शांत.

उत्सव साधेपणाने केला, त्यालाही चार दिवस झाले. मंडप अजून निघायचा आहे.

सकाळी एक बाई आल्या. काळा कोट, छातीशी पांढऱ्या कापडात बांधलेली अस्थींची पेटी. मी दारातच ओळखलं. टोकं दाराकडे करून बूट जोडून ठेवायची तीच पद्धत.

आत बसल्या. पेटी मांडीवरून उतरवेनात. कानाएने चहा आणला, तो मीच घेऊन त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी पर्समधून पावती काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली.

“रिओने सगळं स्वतःच ठरवून ठेवलं होतं. आम्हाला शोधायला काही लागलंच नाही.”

मी पावती उचलली नाही.

“इथून परतताना तिने बसमधून मला फोन केला होता,” त्या म्हणाल्या. “फार दिवसांनी. ती माझ्याशी बोलायचीच नाही हो. म्हणाली, आई, मी समुद्र बघायला आले होते. एका मंदिरात गेले. तिथले गुरुजी खूप चांगले आहेत. जो भेटतो तो खोदून खोदून विचारतो, यांनी काहीच विचारलं नाही.”

कानाए उठून आत गेली. स्वयंपाकघराचं दार सरकल्याचा आवाज आला.

मला सांगायचं होतं. ती काय शोधत इथे आली, मी तिला काय दाखवलं, जाता जाता तिने काय विचारलं आणि मी तिच्या हातात काय दिलं. सगळं तोंडात होतं. त्या पुढे झुकल्या, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “ती हसत होती का हो?”

“हो,” मी म्हणालो. “हसत होती.”

त्यांनी डोळे मिटले. मग पेटी बाजूला ठेवून, कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकून त्यांनी माझे आभार मानले. रिओशी चांगलं वागल्याबद्दल.

मीही वाकलो. आभार घेतले.